काटक माणसाला कसला अटॅक!

आशाताईच्या पिशवीत एक छापील फॉर्म असतो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी. आरोग्य खात्यात त्याला सी-बॅक म्हणतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू रोज घेता का, कमरेचा घेर किती, आठवड्यात अडीच तास तरी अंगमेहनत होते का, आणि घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयाचा आजार आहे का. सहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. शाळेच्या उलटा हिशेब आहे हा, गुण जास्त तितकी काळजी जास्त.

समजा, सेनगाव तालुक्यातला एक शेतकरी ओट्यावर बसला आहे. वय बावन्न, म्हणजे तीन गुण. तंबाखू रोजची, आणखी दोन. दारू नाही, शून्य. मेहनतीचा प्रश्न विचारला की तो हसतो. ‘ताई, सकाळपासून शेतातच हाय की.’ शून्य. घरात कुणाला आजार असल्याचं माहीत नाही, तेही शून्य. मग टेप निघते. हात काटकुळे, गालफडं बसलेली, वजन जेमतेम बासष्ट किलो; पण सदरा वर करून टेप पोटाभोवती फिरली की आकडा निघतो ब्याण्णव सेंटिमीटर. पुरुषांना नव्वदपर्यंत सूट आहे, त्यापुढे एक गुण. बेरीज सहा.

आशाताई सांगते, उपकेंद्रात येऊन बीपी आणि शुगर तपासून घ्या. तो मान डोलावतो आणि जात नाही. त्याला काही होतच नाही, मग जायचं कशाला? दम लागत नाही, छातीत दुखत नाही, भाकरी पचते. अटॅक यायचा तो खुर्चीत बसणाऱ्या, ढेरपोट्या शहरी माणसाला. काटक माणसाला कसला अटॅक!

या प्रकरणात मला खोडायची आहे ती एवढीच समजूत. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी झालेला हिंगोली जिल्हा आजही खेड्यांचा जिल्हा आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके, २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाख माणसं, आणि त्यांतली शंभरातली पंच्याऐंशी खेड्यात राहणारी. हृदयविकार टाळण्याचा सल्ला मात्र जो मिळतो तो पुण्या-मुंबईच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला: जिम लावा, सॅलड खा, ताण घेऊ नका. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी ताण घेऊ नका म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सेनगावच्या त्या शेतकऱ्याचं शरीर समजून घ्यायला आधी पुण्याला जावं लागतं. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून आणला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठण्यासाठी धावणं, अशी थट्टा त्यांनी तिथेच करून ठेवली आहे. थट्टेतला मुद्दा गंभीर होता. आपल्याकडचा माणूस बारीक दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या आसपास. हीच चरबी रक्तातली साखर आणि चरबी दोन्ही बिघडवते. वजनकाट्याला ती दिसत नाही, टेपला दिसते. म्हणून त्या फॉर्ममध्ये वजन विचारलेलं नाही, कमरेचा घेर विचारला आहे. बायकांसाठी ही रेषा ऐंशी सेंटिमीटरवर आहे.

याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. कमी वजनाची जन्मलेली बाळंही इंग्रज बाळांच्या तुलनेत चरबी राखून असतात, कमी पडतं ते स्नायूंना आणि अवयवांना, असं त्यात दिसलं. पोटात असताना उपासमार सोसलेलं शरीर पुढे खाण्यापिण्याची सुबत्ता आली की मधुमेह आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतं. आता जरा हिशेब करा. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आयांच्या पोटात जी लेकरं होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्या पिढीला दुष्काळानेच हृदयविकार दिला असं मी म्हणणार नाही, तसं कुणी इथे मोजलेलं नाही. पण सुकडी खाऊन, खडी फोडून तगलेल्या आयांच्या त्या लेकरांनी ‘आम्ही काटक’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातले दक्षिण आशियाई रुग्ण वेगळे काढून नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक निबंध लिहिला. इतर देशांत पहिला अटॅक सरासरी एकोणसाठीच्या आसपास येतो, आपल्याकडे त्रेपन्नाव्या वर्षी. सहा वर्षं आधी, म्हणजे मुलीचं लग्न व्हायचं असतं, मुलाचं शिक्षण चालू असतं आणि पीककर्ज डोक्यावर असतं अशा वेळी. आपलं रक्तच वेगळं, असं म्हणून हात झटकायची सोय मात्र या निबंधाने ठेवली नाही. तंबाखू, बीपी, शुगर, रक्तातली बिघडलेली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण ही नेहमीचीच कारणं इथेही होती. फक्त ती कमी वयात येऊन चिकटलेली होती. आणि राखणाऱ्या गोष्टी कमी होत्या. रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडच्या निरोगी लोकांत शंभरातले सव्वीस-सत्तावीस, इतर देशांत पंचेचाळीस.

अटॅक येतो म्हणजे आत काय होतं? हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबी साठत जाते आणि तिथे गळवासारखा फुगवटा धरतो, वर पातळ कातडी, आत मऊ गर. पुष्कळदा हा फुगवटा रक्ताची वाट फारशी अडवतही नाही, म्हणून माणसाला काही जाणवत नाही. एके दिवशी कातडी फाटते, गर रक्तात येतो, जखम समजून रक्त तिथे गोठतं आणि काही मिनिटांत वाट बंद. ‘काल तर धडधाकट होता’ हे दहाव्याला ऐकू येणारं वाक्य खरंच असतं. धडधाकट दिसत होता, फुगवटा पंधरा-वीस वर्षांचा होता. टाळायचं म्हणजे दोन गोष्टी करायच्या: फुगवटा वाढू द्यायचा नाही आणि असलेला फाटू द्यायचा नाही.

फाडणाऱ्यांत पहिला नंबर तंबाखूचा. महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुडी कुठे मिळते हे कुठल्याही फाट्यावरच्या पोराला विचारा. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे निघाले ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू प्रामुख्याने ओठाखाली असते. ती खाणारा म्हणतो, मी कुठे बिडी ओढतो, फुप्फुसाला काय त्रास? कॅन्सरचं चित्र पुडीवर छापलेलं असतं म्हणून तोंडाची थोडी भीती असते. हृदयाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. पण निकोटीन चुन्याबरोबर गालातून थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, धमन्या आवळतं. इंटरहार्टच्या आकड्यांत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या सव्वादोन पट निघाला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांना चौपट. सकाळी दातांना मिश्री लावून तासभर बसणाऱ्या आजीही याच हिशेबात येतात, हे घरात कुणी बोलत नाही.

सोडल्याचा फायदा मात्र लवकर मिळतो, कॅन्सरइतकी वाट पाहावी लागत नाही. त्याच अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचा धोका जवळजवळ तिप्पट होता, सोडून तीन वर्षं झालेल्यांचा दुपटीच्याही खाली आला होता. सोडताना पहिला आठवडा वाईट जातो: चिडचिड, डोकं जड, पोट साफ होत नाही. हे तंबाखूशिवाय जगता येत नसल्याचं लक्षण नव्हे, निकोटीन उतरत असल्याचं आहे. सरकारचा १८०० ११ २३५६ हा फुकटचा क्रमांक त्यासाठीच आहे.

बीपीचं दुखणं वेगळं, ते दुखतच नाही. १४०/९० किंवा त्यावर दाब वर्षानुवर्षं राहिला तरी बहुतेकांना ना चक्कर ना डोकेदुखी. त्यामुळे एकदा मोजलं, जास्त निघालं, पंधरा दिवस गोळी घेतली, पुन्हा मोजलं तर बरोबर आलं, की गोळी बंद. ‘आयुष्यभर घ्यावी लागती, सवय लागती.’ ही सवय नव्हे. गोळी चालू आहे म्हणून दाब बरोबर आहे. बंद केली की तो परत चढणार. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. त्यात काही जादू नव्हती. ठरलेली, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी, सहसा अम्लोडिपीन ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, महिन्याची गोळी एकदम, प्रत्येकाचं कार्ड, आणि आला नाही तर फोन. मला या उपक्रमातला फोनच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिंगोलीत हळद शिजवायच्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, कढईपाशी पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाची गोळी संपते आणि उपकेंद्र दुपारी बंद होतं. अशा वेळी गोळी सुटते ती महिना-दोन महिन्यांसाठी. त्या काळाची गोळी आधीच घेऊन ठेवता आली तर अर्धं काम झालं.

हळदीवरून आठवलं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, संशोधन केंद्रही तिथे उभं राहिलं आहे, आणि जिल्ह्याला तिचा अभिमान असणं साहजिक आहे. पण ‘आमच्या जेवणात हळद, आम्हाला अटॅक कसा येईल’ हे विधान खरं नाही. हळदीतला कर्क्युमिन हा घटक आतड्यातून फारच कमी शोषला जातो, आणि हळद खाल्ल्याने हृदयविकार टळतो असं माणसांवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. हळद विकून आलेल्या पैशातून बीपीची गोळी घेतली तर उपयोग नक्की होतो.

स्वयंपाकघरात दोन पिशव्यांकडे बघायचं, मिठाच्या आणि तेलाच्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ. पाच माणसांच्या घरात हे महिन्याला पाऊण किलो होतं, म्हणजे किलोची पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. तुमच्या घरी किती पुरते ते बघा. आणि लोणचं, पापड, ठेचा, कुरडया, खारे शेंगदाणे यांतलं मीठ त्यात धरलेलं नाही. भाकरीच्या पिठात मीठ टाकायची गरज नसते, पोळीच्या कणकेतही नसते. कालवणातलं एकदम कमी केलं तर घरात बंड होईल, पण महिन्याला थोडं थोडं कमी केलं तर जीभ महिन्या-दीड महिन्यात सरावते. चीनमधल्या सहाशे गावांत, सुमारे एकवीस हजार माणसांवर, पाच वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ की ज्यात पाव भाग सोडियमऐवजी पोटॅशियमचा. २०२१ साली निकाल आला: बदललेलं मीठ खाणाऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. कुणाला व्यायाम वाढवायला सांगितलं नव्हतं. फक्त घरातली मिठाची पुडी बदलली होती. असं मीठ आपल्याकडेही मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

तेलाचा हिशेब माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच जणांच्या घरात पंधरा लिटरचा डबा सहा महिने पुरायला हवा. हे वाचून हसू आलं असेल तर डबा आणल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. मराठवाड्याचं जुनं तेल करडईचं. घाण्यावर गाळून आणलेल्या करडई तेलात न गोठणारी, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढू न देणारी चरबी भरपूर. पामतेल स्वस्त झालं, करडईला काटे, काढणी अवघड, मजूर मिळेना, आणि रब्बीतलं ते पीक बघता बघता मागे पडलं. ज्वारीचं तसंच. ज्वारीच्या भाकरीची जागा गव्हाची पोळी आणि भात घेऊ लागले तसा जेवणातला चोथा घटला. उपास तर आणखी बिघडला. श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आल्यावर ताटात साबुदाणा, शेंगदाणे, तळलेल्या चकत्या. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काही उगाच म्हटलेलं नाही. आठवडी बाजारातल्या भज्यांबद्दल एकच सांगतो: कढईतलं तेल काळं आणि घट्ट दिसत असेल तर पुढच्या गाड्यावर जा, तिथलंही तसंच असेल तर चुरमुरे-फुटाणे घ्या.

आता ‘सकाळपासून शेतातच हाय की’ याकडे येऊ. ओट्यावरच्या शेतकऱ्याने फॉर्मवर मेहनतीला शून्य गुण घेतले, ते बरोबर की चूक? तीस वर्षांपूर्वी नक्की बरोबर होते. आज शेतापर्यंत मोटारसायकल, नांगरट ट्रॅक्टरने, फवारणी पंपाने, मळणी यंत्राने. पेरणीचे पंधरा दिवस आणि काढणीचे पंधरा दिवस अंग मोडेपर्यंत काम, मधले महिने फाट्यावरच्या हॉटेलात चहा. शेतात असणं आणि शेतात राबणं यांत फरक पडला आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३मध्ये दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. एकाच गाडीत, एकाच पगाराच्या आसपास काम करणारे दोघे. पण दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार बराच कमी. फायदा नेहमीच्या हालचालीचा. वर्षातून एकदा शेगावची पालखी सेनगाव, औंढा, जवळा बाजारवरून जाते तेव्हा तिच्याबरोबर चार मुक्काम चालणं पुण्याचं असेल, पण हृदय रोजचं मागतं: भरभर चाललेली अर्धा तासाची पायवाट, आठवड्यातून पाच दिवस. मोटारसायकल शेताच्या बांधापर्यंत न नेता गावातच ठेवली तरी ती होते. बायकांचं काम यंत्राने फारसं कमी केलेलं नाही. त्यांच्या बाबतीत चुलीचा धूर आणि न मोजलेलं बीपी हे मोठे प्रश्न आहेत.

तरुण पोर अचानक गेलं की गावात हल्ली एकच निष्कर्ष निघतो: लशीमुळे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३मध्ये निकाल दिला. लशीने धोका वाढलेला नव्हता. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या घराण्यात अशा मृत्यूचा इतिहास, कोविडमुळे रुग्णालयात भरती झालेलं असणं, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू किंवा एकदम झेपणार नाही इतकी मेहनत. वरातीत दारू पिऊन तीन तास नाचणाऱ्याने हे वाचावं.

एवढं करूनही अटॅक येऊ शकतो. छाती भरून येणं, आवळल्यासारखं होणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम. याला गॅस म्हणून सोडा पिणं आणि पोटाला ओवा लावणं यात पहिला तास जातो, आणि वाचवायचं असतं ते त्याच तासात. १०८ला फोन करा, ईसीजी निघेल अशाच ठिकाणी जा. सेनगावकडच्या गावातून नांदेड शंभरावर किलोमीटर आहे. गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्या आधी वाटेतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळू शकतं का हे तिथे पोचताच विचारा. अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते, तेव्हा सावकाराकडे जाण्याआधी रेशनकार्ड काढा.

हृदयविकार टाळणं अख्ख्या जिल्ह्याला जमू शकतं. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ कॅरेलिया नावाचा एक जिल्हा आहे. तेव्हा गरीब, लाकूडतोड करून आणि गुरं पाळून जगणारा, माणसं कष्टाळू आणि काटक. १९७०च्या सुमारास तिथल्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांत होतं. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ साली पेक्का पुस्का हा तिशीच्या आतला डॉक्टर तिथे गेला. त्याने दवाखाना बांधला नाही. तो मार्था नावाच्या महिला संघटनेकडे गेला, म्हणजे आपल्या बचत गटांकडे म्हणा. बायकांनी गावोगाव संध्याकाळच्या पंगती ठेवल्या आणि तिथल्या नेहमीच्या मटणाच्या रश्श्यात डुकराचं चरबीदार मांस कमी, भाज्या जास्त घालून वाढल्या. गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धा लागल्या. लोण्याचा खप घसरू लागला तेव्हा दूधवाले शेतकरी चिडले, ते साहजिक होतं. मग थंड प्रदेशात येणाऱ्या बोरांसारख्या फळांची लागवड करायला त्यांना मदत झाली. पस्तीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे ८५ टक्क्यांनी घटले.

त्या जिल्ह्याची लोकसंख्या आपल्यापेक्षा कमी होती, देश श्रीमंत होऊ लागला होता, हे खरं. पण त्याला जे पीक बदलावं लागलं ते आपल्याला नव्याने शोधायचं नाही. शेजारच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा आणि ‘परभणी शक्ती’ हा लोह-जस्त जास्त असलेल्या ज्वारीचा वाण कधीच दिलेला आहे. अडलंय ते भावापाशी, काढणीपाशी आणि मिरवणुकीच्या, लग्नाच्या, सप्त्याच्या पंगतीत काय वाढायचं हे ठरवणाऱ्यांपाशी. सप्त्याचा आचारी आणि बचत गटाची अध्यक्ष यांच्याशी बोलायला तालुक्याचा डॉक्टर कधी जातो, यावर मी तरी अधिक भरवसा ठेवीन. तोवर सेनगावच्या त्या ओट्यावर सहा गुणांचा फॉर्म आहे, आणि आशाताई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. या वेळी बीपीचं यंत्र घेऊन घरीच.